यंत्रापुढे प्रश्न कसा मांडावा?

हल्ली आमच्या विद्यार्थ्यांस कोणताही प्रश्न घातला, की त्यांचा हात पुस्तकाकडे न जाता प्रथम वडिलांच्या मोबाईलकडे जातो. याबद्दल कुरकुर करण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. ज्या मुलाच्या घरी चार पुस्तकेही नाहीत, त्यास जगातील ग्रंथालयांची दारे घरबसल्या उघडावीत, ही गोष्ट लहानसहान नव्हे. परंतु दार उघडणे निराळे आणि आत जाऊन हवी ती वस्तू हाती लागणे निराळे. या दोहोंच्या मध्ये जी अडचण आहे, तिच्याविषयी विद्यार्थी व पालक या उभयतांशी चार शब्द बोलावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

यंदा आम्ही नववीच्या मुलांस एक साधा प्रश्न दिला: आपल्या मुदखेडावरून जाणाऱ्या लोहमार्गाचे मूळ नाव काय, आणि तो कोणाच्या व्यवस्थेखाली चालत असे? मुदखेड हे जंक्शन आहे. मनमाड–सिकंदराबाद मार्गास येथेच आदिलाबादचा फाटा फुटतो. गाड्यांच्या शिट्ट्या ऐकतच येथील मुले लहानाची मोठी होतात. तेव्हा उत्तर सहज मिळेल, असे आम्हांस वाटले होते. एकाने 'मुदखेड रेल्वे' असे दोन शब्द लिहिले. त्यास आजच्या गाड्यांच्या वेळा मिळाल्या. दुसऱ्याने तेच शब्द रोमन लिपीत लिहिले. त्याच्यापुढे तिकिटे काढून देणाऱ्यांच्या जाहिराती आल्या. तिसऱ्याने संभाषण करणाऱ्या नव्या यंत्रास विचारले. त्याने एक नाव आणि एक साल अगदी ठासून सांगितले. मात्र आधार विचारताच दुसरेच साल पुढे केले. एका मुलीने मात्र यंत्र बाजूस ठेवून आपल्या आजोबांस विचारले. आजोबा पूर्वी रेल्वेत गँगमन होते. ते म्हणाले, "अगं माय, तवा ही लाईन मीटरगेज होती. आमचे वडील हिला गोदावरी व्हॅली म्हणायचे." हे दोन शब्द घेऊन मुलगी पुन्हा यंत्राकडे गेली, तेव्हा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे, तिचा मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंतचा मीटरगेज मार्ग आणि तिची व्यवस्था पाहणारी निजामाची गॅरंटीड स्टेट रेल्वे, ही सर्व हकीकत तिला क्रमाने सापडली. यंत्र तेच होते, माहितीचे कोठारही तेच होते. बदलला तो केवळ विचारण्याचा शब्द.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्राच्या पोटात माहिती नाही, अशी आपली अडचण क्वचितच असते. आपली गरज आणि तेथील शब्द यांची गाठ पडत नाही, ही खरी अडचण. निकोलस बेल्किन नावाच्या विद्वानाने १९८० साली या विषयाचा विचार करताना असे दाखविले, की शोध करणारा मनुष्य शोध करतो तो त्याच्या ज्ञानात उणीव असते म्हणूनच; आणि यंत्र तर त्यास त्याच उणिवेचे अचूक वर्णन करण्यास सांगते. जे ठाऊक नाही त्याचे नाव तरी कसे सांगावे? आमच्या मुलांस 'गोदावरी व्हॅली' हे नाव ठाऊक असते, तर निम्मे उत्तर त्यांच्यापाशी आधीच नव्हते काय?

पूर्वी ही उणीव ग्रंथपाल भरून काढीत असे. विद्यार्थी येऊन म्हणे, "गुरुजी, इतिहासाचे पुस्तक द्या." गुरुजी विचारीत, "कोणता इतिहास? कशासाठी हवा? निबंध लिहावयाचा आहे की भाषण करावयाचे आहे?" अशा तीन-चार प्रश्नांनंतर विद्यार्थ्यास आपणास काय हवे आहे ते स्वतःसच उमगे. यंत्रापुढे एक रिकामी चौकट असते. ती उलट प्रश्न विचारीत नाही. दोन शब्द टाकले की दहा उत्तरे पुढे ढकलते, आणि आपण पहिले उत्तर उचलून निघतो.

आता शब्दांचा घोटाळा किती मोठा आहे, हे पाहू. १९८७ साली अमेरिकेतील जॉर्ज फर्नास व त्यांचे सहकारी यांनी एक परीक्षण प्रसिद्ध केले. एकाच परिचित वस्तूस दोन माणसे आपापल्या मनाने नाव देऊ लागली, तर दोघांचे नाव एकच निघण्याचा संभव पाचांत एकाहूनही कमी असतो, असे त्यांस आढळले. आमच्या भागातील उदाहरण घ्यावयाचे तर हळदीचे घ्यावे. शेतकरी म्हणतो, "हळदीचे गड्डे सडायलेत." परभणीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ त्याच रोगास 'कंदकूज' म्हणतो, आणि इंग्रजी ग्रंथात त्याचे तिसरेच नाव असते. उपाय छापलेला आहे, यंत्रात साठविलेलाही आहे. पण शेतकऱ्याच्या तोंडी 'कंदकूज' हा शब्द नाही आणि तज्ज्ञाच्या कागदावर 'सडायलेत' हा शब्द नाही. त्या दोन शब्दांच्या मध्ये एका कुटुंबाचे वर्षाचे पीक जाते. हा काही केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नव्हे.

याहून गंभीर गोष्ट अशी, की काय निसटले हे शोधणाऱ्यास कळतच नाही. १९८५ साली ब्लेअर आणि मॅरन या दोन अभ्यासकांनी एका मोठ्या खटल्याच्या कागदपत्रांवर प्रयोग केला. सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पाने, यंत्रात घातली होती. वकील निष्णात होते, मदतनीसही अनुभवी होते. आवश्यक कागदांपैकी शेकडा ७५ तरी आपल्या हाती आले, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्ष तपासात हे प्रमाण शेकडा २० च्या घरात निघाले. कारण काय? एका पक्षाने ज्यास 'अपघात' म्हटले, त्यास दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी कोठे 'घटना', कोठे 'अडचण', तर कोठे नुसती 'परिस्थिती' म्हटले होते. मोठमोठ्या वकिलांची ही गत, तर आमच्या नववीतील मुलांनी किंवा त्यांच्या शेतकरी पालकांनी यंत्राचे पहिले पान हेच सर्व काही मानले, तर त्यांस दोष कोणी द्यावा?

आपली मराठी भाषा या कामी यंत्रास विशेष अवघड जाते. इंग्रजीत गावाचे नाव कोठेही तसेच राहते. मराठीत मात्र 'घोडा' हा शब्द 'घोड्यास', 'घोड्याचा', 'घोड्यांवरून' असा वेष पालटीत जातो. 'पाणी' असते ते 'पाण्यात' होते. ज्या यंत्रास शब्दाचे मूळ रूप ओळखता येत नाही, त्यास हे निरनिराळे शब्द वाटतात. ही अडचण लॅटिन भाषेतही आहे, आणि तिच्याशी प्रथम झुंज दिली ती एका धर्मगुरूने, हे आमच्या वाचकांस कौतुकाचे वाटेल. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्र्यास संत थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची सूची करावयाची होती. आरंभी त्याने हाताने हजारो चिठ्ठ्या लिहिल्या. पुढे १९४९ साली न्यूयॉर्क येथे जाऊन त्याने आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांचे साहाय्य मिळविले. एक कोटीहून अधिक लॅटिन शब्दांचे हे काम सुमारे तीस वर्षे चालले आणि ५६ खंडांत छापले गेले. यंत्र शब्द भराभर मोजी; परंतु कोणते रूप कोणत्या मूळ शब्दाचे, हे ठरविण्यासाठी माणसासच बसावे लागे. यंत्र व मनुष्य यांच्या कामाची वाटणी कशी असावी, याचा तो पहिला मोठा धडा होय. मराठीसाठीही असा प्रयत्न चालू आहे. २००८ पासून 'फायर' या नावाने भारतीय भाषांतील शोधयंत्रांची जी परीक्षा घेतली जाऊ लागली, तीत मराठीस आरंभापासून स्थान मिळाले.

विभक्तीखेरीज लेखनाचाही प्रश्न आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार देऊन लिहिले. १९६२ साली नवे लेखननियम मान्य झाल्यावर आम्ही 'काही', 'नाही' लिहू लागलो. नव्या रीतीने शोधले की जुने पुस्तक हाती लागत नाही, आणि जुन्या रीतीने शोधावे तर नवे निसटते. त्यातच युनिकोड ही सर्वमान्य संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वी प्रत्येक छापखान्याचा फाँट निराळा, आणि त्याचे आतील संकेतही निराळे. पडद्यावर डोळ्यांस स्वच्छ 'मुदखेड' दिसते, पण यंत्राच्या लेखी तेथे रोमन अक्षरांची भेळ असते. जुन्या पुस्तकांची नुसती छायाचित्रे काढून ठेवली, तर यंत्रास त्यांत अक्षर असे काही दिसतच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आम्हां सर्वांस झाला. परंतु ज्या भाषेचे जुने लेखन तिच्याच लेकरांस शोधून सापडत नाही, तिचा मान कागदावरचा राहतो, हे स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे.

आमच्या मराठवाड्यात तर याच्या जोडीस गावांच्या नावांचा व लिपींचा गुंता आहे. इंग्रजी गॅझेटियरात नांदेडचे नाव 'नांदेर' असे सापडते. आजच्या रेल्वेच्या यादीत ते 'हजूर साहिब नांदेड' असे आहे. अंबाजोगाईचा निजामकालीन कागद 'मोमिनाबाद' या नावाखाली पाहावा लागतो. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. म्हणजे आज जन्मलेल्या मुलास पुढे आपल्या जिल्ह्याची हकीकत दोन-दोन नावांनी शोधावी लागेल. त्याच २०२३ साली राज्य सरकारने निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली. त्यांत मोडी आणि उर्दू लिपींतील कागद निघाले, आणि ते वाचू शकणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी या पानांवर आम्हांस कर्तव्य नाही. आम्हांस दिसते ते एवढेच, की कागद जपून ठेवणे पुरेसे नसते. तो वाचणारा, त्याची सूची करणारा आणि ती सूची लोकांच्या बोलीत उघडी करणारा मनुष्य नसेल, तर कागद असून नसल्यासारखाच होय.

आता पालकांविषयी. सात-बारा, शिष्यवृत्ती, प्रवेशअर्ज ही सर्व कामे यंत्राद्वारे होऊ लागली आहेत. पूर्वी तलाठ्याच्या चावडीवर जाऊन "आमच्या आज्याच्या नावचं वावर बघा" म्हटले, की तो खतावणी उघडून बोट फिरवी. आता जिल्हा, तालुका, गाव निवडून गटक्रमांक तरी द्यावा लागतो अथवा नाव तरी लिहावे लागते. जुना सर्व्हे नंबर ठाऊक असतो, तर नवा गटक्रमांक ठाऊक नसतो. आजोबांचे नाव 'विठ्ठल' असे लिहिले की 'विठल' असे, हे कोणास आठवत नाही. एका पालकांनी आम्हांस सांगितले, की मुलीच्या अर्जातील नाव व दाखल्यातील नाव यांत एका काना-मात्रेचा फरक निघाला, पडद्यावर 'नोंद आढळली नाही' एवढेच उमटले, आणि तीन दिवसांची मजुरी बुडवून ते खेटे घालीत राहिले. नोंद होती, यंत्रास ती ओळखता आली नाही. 'नोंद नाही' आणि 'मला सापडली नाही' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! सज्जन कारकून दुसरे वाक्य बोलतो. यंत्र मात्र पहिले बोलून मोकळे होते. मग शिकलेला असो वा न शिकलेला, मनुष्य पैसे मोजून कोणा मध्यस्थाच्या खुर्चीमागे उभा राहतो. आपल्या मनात काय विचारावयाचे आहे आणि तो काय टाईप करीत आहे, हे त्यास दिसतही नाही.

कित्येकांचे म्हणणे असे, की ही सर्व रड आता जुनी झाली. २०२२ च्या अखेरीस 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आल्यापासून यंत्र माणसासारखे बोलते, चुकलेला शब्द सुधारून घेते, मराठीतही उत्तर देते; मग शब्द शोधीत बसण्याचे कारण काय? या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. 'गड्डे सडायलेत' या बोलण्याचा अर्थ 'कंदकूज' असा लावणे या नव्या यंत्रांस पुष्कळ वेळा साधते, आणि हा लाभ मोठाच आहे. परंतु जुने यंत्र निदान दहा कागद पुढे ठेवी आणि निवड आपल्यावर सोपवी. नवे यंत्र एकच गुळगुळीत उत्तर देते. ते कोठून आले, त्याच्या विरुद्ध कोणी काही म्हटले आहे काय, हे विचारल्यावाचून कळत नाही. आणि कधी कधी विचारूनही कळत नाही. आमच्या तिसऱ्या विद्यार्थ्यास जे साल मिळाले, ते असेच. चुकीचे उत्तर अडखळत आले तर ऐकणारा सावध होतो. तेच ठामपणे आले तर तो वहीत उतरवून घेतो. शिवाय ज्या घरांत गोरमाटी, तेलुगू अथवा दखनी बोलली जाते, त्या घरांतील मुलांस छापील मराठी हीच मुळी दुसरी भाषा आहे. त्यांचा प्रश्न यंत्रास नीट कळला की नाही, याची शंका घेण्याइतका धीर त्यांच्यापाशी कोठून येणार?

म्हणून आमचे मत असे, की यंत्र बनविणाऱ्यांवर व ते लोकांपुढे ठेवणाऱ्या कचेऱ्यांवर काही कर्तव्ये आहेत. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे सांगितली. त्यांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. त्या कसोटीवर ही यंत्रे घासून पाहावीत. प्रश्न संदिग्ध असेल तर यंत्राने उलट विचारावे. नावाच्या दोन-चार लेखनरूपांचा स्वतःच विचार करावा. उत्तराबरोबर आधार दाखवावा. आणि सापडले नाही तर 'मला सापडले नाही, अमक्या शब्दाने पाहा' असे नम्रपणे सांगावे. कॅल्विन मुअर्स या शास्त्रज्ञाने फार पूर्वीच बजावले होते, की माहिती जवळ असण्याचा त्रास ती नसण्याच्या त्रासाहून अधिक झाला, तर लोक ते साधन वापरणेच सोडून देतात. गरीब मनुष्य साधन सोडतो तेव्हा बहुधा आपला हक्कही सोडतो, एवढी पुस्ती त्यास आम्ही जोडतो.

परंतु दुसऱ्यांची कर्तव्ये मोजून स्वस्थ बसणे आम्हांस शोभणार नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती यंत्राच्या बळावर नव्हे; एकेक पुस्तक पाहून, एकेक नोंद करून. आजही मराठी ग्रंथांचा माग काढणारा अभ्यासक त्या सूचीकडे वळतो. त्यांच्या चिकाटीचा शतांश आम्ही दाखवावा. या वर्षापासून आमच्या वाचनालयात एक 'शोधवही' ठेवावी, असे आम्ही सुचवितो. विद्यार्थ्याने तीत आपला प्रश्न लिहावा. कोणकोणत्या शब्दांनी शोधले, काय निसटले, अखेर कोणत्या शब्दाने सापडले, आणि ते खरे आहे असे कोणत्या पुस्तकावरून अथवा कोणत्या माणसाकडून ठरविले, हे नोंदवावे. त्याच वहीच्या मागील पानांवर आपल्या गावच्या शेतांची, ओढ्यांची, रोगांची, अवजारांची जुनी नावे वडीलधाऱ्यांस विचारून लिहावीत. पाच-सहा वर्षांत ती वही अशी होईल, की पुढच्या पिढीस कोणत्याही यंत्रापुढे बसताना तिचा उपयोग व्हावा.

पालकांस आमची विनंती एवढीच, की अर्ज भरावयाचा असेल तेव्हा मुलास किंवा मुलीस शेजारी बसवावे. आजोबांचे नाव, गावाचे जुने नाव, गटक्रमांक हे तुम्हांस ठाऊक. चौकटीत ते कसे लिहावे, हे त्यांस ठाऊक. दोघांचे मिळून जे ज्ञान होते, ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. आणि 'नोंद आढळली नाही' असे दिसले, तर घरी परत फिरण्यापूर्वी दुसऱ्या लेखनाने एकदा पाहावे, मग माणसास विचारावे.

विद्यार्थिमित्रहो, मागावे आणि शोधावे, या दोन्ही गोष्टींचा उपदेश प्रभूने डोंगरावरील प्रवचनात एकत्रच केलेला आहे. यंत्रामुळे मागणे फार सोपे झाले. शोधणे मात्र सोपे झालेले नाही, आणि ते यंत्रावर सोपवून भागणारही नाही. तुमच्या वर्गातील त्या मुलीस उत्तर सापडले, ते तिने आजोबांस विचारले म्हणून, आणि आजोबांचा शब्द घेऊन ती पुन्हा यंत्राकडे गेली म्हणून. तिने आजोबांस टाकले नाही, की यंत्रासही टाकले नाही. तिचे उत्तर शोधवहीच्या पहिल्या पानावर लिहिले जाईल. दुसरे पान तुमच्यापैकी कोणाच्या प्रश्नाने भरते, याची आम्ही वाट पाहत आहोत.